वर्षावासातली अकरा पानं

या आषाढात एका सकाळी मी दुधाच्या पिशवीवर खेकसले. "आजपण गळकीच का गं?" असं खणखणीत आवाजात विचारलं आणि मग चक्क उत्तरासाठी थांबले. उत्तर कुठून येणार, डोंबल! मुलुंड पूर्वेच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी नऊ वर्षं एकटी राहते आहे. कॉलेजातून रिटायर होऊनही आता वर्ष उलटलं. कुकरला "पुरे रे आता", पंख्याला "किती कुरकुरतोस", असं माझं दिवसभर चालू असतं, त्याचं मला काही वाटत नाही. पण त्या दिवशी मी थांबले, ते मात्र लागलं. नुसतं बोलणं एक वेळ ठीक आहे. उत्तराची वाट बघायला लागलो म्हणजे आपली वाट लागली, असं माझं मीच ठरवून टाकलं आणि पिशवी पातेल्यात रिकामी केली.

कॅलेंडर बघितलं तर आषाढी पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. म्हणजे वर्षावास. मास्तरकी अंगातून जात नाही, म्हणून सांगतेच. फार पूर्वी भिक्खू पावसाळ्यात फिरणं थांबवून एका जागी मुक्काम करत. कोवळ्या रोपांवर, किड्यामुंग्यांवर पाय पडू नये हा हेतू. ते एका जागी बसले की आसपासची माणसं ऐकायला जमत. आमच्या वस्त्यांत भिक्खू क्वचितच मुक्कामाला येतात, पण ऐकायला जमण्याची रीत राहिली. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचा. जुनी पाली वचनं सोप्या मराठीत मांडलेला जाडजूड ग्रंथ. माणूस म्हणजे नक्की काय, त्याला हाव का सुटते, तो रडतो का, मेल्यावर त्याचं काय उरतं, तीन महिने हेच सगळं. दिवसभर गटारं उपसून, झाडू मारून, वॉर्डातल्या फरशा पुसून आलेली माणसं साडेसातला आंघोळ करून, पांढरे कपडे घालून हे ऐकायला बसत. मी पुढे पगार घेऊन हेच शिकवलं, पण तसे ऐकणारे मला परत कधी मिळाले नाहीत.

मी वाढले ती वसाहत घाटकोपरला. पालिकेच्या कामगारांच्या चार मजली इमारती आणि मधल्या मोकळ्या जागेत विहार. विहार म्हणजे काय, तर वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, फरशीवर निळी सतरंजी आणि समोर मूर्ती. श्रावण-भाद्रपदात तिथे एक खास वास असे. ओल्या छत्र्या, मेणबत्ती, उदबत्ती आणि दाराशी पाय पुसायला टाकलेलं गोणपाट, या सगळ्यांचा मिळून. अजूनही एखाद्या दुकानाच्या दारात ओलं गोणपाट दिसलं की माझी पावलं उगीच हळू होतात.

माझे वडील, नाना, पाणी खात्यात चावीवाले होते. भलीमोठी लोखंडी चावी खांद्यावर टाकून जायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं आणि व्हॉल्व्ह फिरवून ठरल्या वेळी एकेका गल्लीला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. शाळा सातवीपर्यंत, तीही जालन्याकडच्या खेड्यात. पण माणसांबद्दल त्यांची मतं पक्की होती. "पाणी चालू असताना सगळेच सज्जन असतात नंदे," ते म्हणत. "बंद करून बघ पाच मिनिटं आधी." तत्त्वज्ञानाच्या पेपरात मी मानवी स्वभावावर पानंच्या पानं लिहिली, त्यांत याच्यापेक्षा फार जास्त काही नव्हतं.

वसाहतीत ग्रंथ वाचायचा मान नानांचा. आवाज जाड, संथ. आणि त्यांच्या वाचनाची एक रीत होती, ती माझ्या माहितीत दुसऱ्या कुठल्या विहारात नव्हती. एक वाक्य वाचायचं आणि थांबायचं. समोरून "हं" आला की पुढचं वाक्य. गावाकडे आजेपणजे गोष्ट ऐकताना हुंकार देत, तीच सवय त्यांनी इथे आणली होती. हुंकार कुणी द्यायचा तेही ठरलेलं होतं. पहिल्या रांगेत डावीकडे शेवंतामावशी बसायच्या. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या, नवऱ्यामागे पालिकेत झाडूकामाला लागलेल्या, अक्षरओळख शून्य. वाक्य कळलं तर त्यांचा "हं" पटकन येई. कळलं नाही तर येत नसे, मग नाना तेच वाक्य पुन्हा वाचत. आणि वाक्य जिव्हारी लागलं तर तो "हं" उशिरा, लांबून, आत कुठेतरी फिरून आल्यासारखा येई. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की नाना बोट पानावर ठेवून गप्प बसत, कारण मग दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नसे. सर कमी व्हायची वाट बघत तीस-चाळीस माणसं गुपचूप बसलेली असत. त्या गप्प बसण्यात काय मजा होती ते आता कळतं.

वाचन थांबलं की त्या पानात पिंपळाचं वाळलेलं पान ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. पान कधी मागे न्यायचं नाही आणि मधलं काही सोडायचं नाही, एवढे दोनच नियम.

मी बावीस वर्षांची होते त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. मार्चमध्ये नानांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आणि मेमध्ये शेवंतामावशींचा मिलिंद काविळीने गेला, एकोणीस वर्षांचा. कॅरम खेळताना खोटं बोलायचा आणि पकडला गेला की स्वतःच आधी हसायचा, एवढा मला तो नीट आठवतो. हॉस्पिटलातून त्याला आणलं तेव्हा मावशी रडल्या नाहीत. बायका म्हणाल्या, रडव गं तिला कुणीतरी. मावशी तिसऱ्या दिवसापासून झाडू घेऊन कामावर हजर झाल्या.

आषाढ आला आणि ग्रंथ कोण वाचणार असा प्रश्न पडला. नानांनी पाटीवर खडूने लिहिलं, 'नंदा'. तेव्हा ते पाटीवरच बोलत.

मी तेव्हा एम.ए.ला होते, तत्त्वज्ञान घेऊन. काय सांगू, माझा तोरा काही विचारू नका! जगातल्या जुन्या शहाण्या माणसांनी माणसाबद्दल काय काय लिहून ठेवलंय ते नुकतंच वाचलेलं. कुणी म्हणतो माणूस मुळात चांगला, परिस्थिती बिघडवते. कुणी म्हणतो मुळातच वाकडा, शिकवून सरळ करावा लागतो. कुणी म्हणतो तो बुद्धीचा प्राणी, कुणी म्हणतो वासनांचा. आणि आमचा ग्रंथ म्हणतो, बाबांनो, 'मी' म्हणून ज्याला धरून बसलात तो शोधा तरी आधी. देह, संवेदना, आठवणी, सवयी, भान, हे सगळं एका जागी जमलंय आणि सारखं बदलतंय, यात मालक कोण ते दाखवा. हे सगळं माझ्या डोक्यात गरगर फिरत होतं आणि मला ते सतरंजीवर बसलेल्या मंडळींना समजावून सांगायचं होतं. पहिल्या आठवड्यात मी वाक्यागणिक भाष्य केलं. लोक पेंगले. नानांनी पाटीवर लिहिलं, 'वाच. शिकवू नको.' मला राग आला, पण वाचायला लागले.

आणि मग हळूहळू ती गंमत मलाही कळली. वाक्य वाचून थांबायचं. त्या थांबण्यात पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं व्हायचं. आपण हात पुढे केलाय आणि समोरच्याने अजून धरला नाहीये, असं. मग डावीकडून "हं" यायचा आणि पुढचं वाक्य आपोआप तोंडात यायचं. मावशी त्या वर्षी आणखी वाळल्या होत्या, पण हुंकार एक दिवस चुकला नाही. त्यांच्या "हं"शिवाय मला वाचताच येईना. एखादं अवघड वाक्य वाचून मी त्यांच्याकडे बघायची आणि त्या डोळे मिटून ते गिळत असलेल्या दिसायच्या. एवढं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलं नाही हो, ना त्याआधी ना त्यानंतर.

नंतरचं सांगायचं तर, लॉकडाऊनमधले ऑनलाइन तास. स्क्रीनवर चाळीस काळे चौकोन, प्रत्येकावर एक नाव, सगळे माइक बंद. मी मानवी अस्तित्वाबद्दल बोलतेय आणि दर पाच मिनिटांनी विचारतेय, "ऐकू येतंय ना?" एखादी दयाळू मुलगी चॅटवर 'यस मॅम' टाकायची. एकदा तास संपला, सगळे गेले, एक चौकोन तसाच राहिला. मी म्हटलं, चला, कुणाला तरी शंका आहे. "हां बोल ना," म्हणाले. दोनदा म्हणाले. पोरगी लॅपटॉप चालू ठेवून कधीच उठून गेली होती. मी त्या चौकोनाकडे बघत बराच वेळ बसले आणि मग मीच तास बंद केला.

तर, भाद्रपद. त्या दिवशी वंदना झाली, मी ग्रंथ उघडला आणि पिंपळाच्या पानापाशी थबकले. पुढचं प्रकरण शोकाचं होतं. ज्याचं कुणी गेलंय त्याला काय सांगावं, याचं. दरवर्षी नाना वाचत तेव्हा मी मागे बसून ऐकलं होतं, त्यात काय आहे ते मला माहीत होतं. जन्मलेलं जाणारच, ज्याच्यावर जीव लावला त्याच्यापासून तुटावं लागणारच, रडून गेलेलं परत येत नाही. असली अकरा पानं. आणि समोर डावीकडे मावशी. मिलिंदला जाऊन चार महिनेही झाले नव्हते. मला ती वाक्यं एकदम क्रूर वाटली. ज्या बाईचं पोर गेलंय तिच्या तोंडावर मी हे वाचायचं? त्यात मला कॉलेजात नुकतंच कळलं होतं की यावर निराशावादाचा आक्षेप घेतला जातो. दया आणि शहाणपण एकाच वेळी अंगात आलं, की माणूस काय वाटेल ते करतो.

मी अकरा पानं एका चिमटीत धरली आणि उलटली. पुढचं प्रकरण मैत्रीवरचं होतं. पहिलं वाक्य वाचलं. थांबले.

हुंकार आला नाही.

मी वाक्य पुन्हा वाचलं. मावशींनी डोळे उघडले होते आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. पाणी यायची वेळ झालीय आणि नळातून नुसती हवा येतेय, तेव्हा बायका नळाकडे बघतात ना, तसं बघत होत्या. शेवटी मागून कुणीतरी उगीच "हं" केलं आणि मी पुढे वाचत सुटले. त्या संध्याकाळी डावीकडून एकही हुंकार आला नाही. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या दाराशी बसल्या, गोणपाटापाशी, आणि पुढचा सगळा वर्षावास गप्प राहिल्या.

पानं सोडली त्याच रात्री जेवताना नानांनी पाटी पुढे सरकवली. 'पानं का सोडलीस?'

"त्यांना वाईट वाटलं असतं, नाना."

नानांनी खडू उचलला. मग लिहिलं, 'तिला वाईट वाटायचं तू ठरवणार?' ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं, 'उद्या सगळ्यांना सांग. मागे जा. वाच.'

"पान मागे न्यायचं नसतं, तुम्हीच सांगता ना?"

काय उलट उत्तर होतं! ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याशी वाद जिंकायला अक्कल लागत नाही. नानांनी पाटी पुसली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आश्विनी पौर्णिमेलाही नाही. खीर वाटताना सगळे म्हणाले, पोरीने झकास वाचलं.

मावशी मला नंतर एकदा वसाहतीच्या फाटकाशी भेटल्या. झाडू भिंतीला लावून उभ्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, ती पानं मी तुमच्या घरी येऊन वाचून दाखवते ना."

"घरी काहून?" त्या म्हणाल्या. "घरी तर मी एकलीच असते गं. घरी बसून मला ठावं हाय काय झालं ते. चार माणसांत बसून ऐकायचं होतं. मिलिंद गेला तवापासून सारे माझ्याशी पावसापाण्याचं बोलतात. म्हटलं, नानाचा ग्रंथ तरी सरळ सांगंल. सगळ्यांच्या समोर सांगंल, अन् मी समद्यांच्या समोर 'हं' म्हणीन. म्हणजे मग झालं." मग त्यांनी झाडूला हात घातला. "मला वाचता आलं असतं तर तुझ्या तोंडाकडं कशाला बघत बसले असते?"

त्यांनी झाडू उचलला आणि कामाला गेल्या. माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी ग्रंथ दुसऱ्या कुणाकडे गेला आणि दोन वर्षांनी नाना आणि मी मुलुंडला राहायला आलो. मला नोकरी लागली. लग्न केलं नाही, त्याचं कारण कुणी विचारलं तर मी वेगवेगळी सांगते, सगळी थोडी थोडी खरी आहेत. विहाराकडे मी फिरकले नाही. काम होतं, लांब पडतं, अभ्यास आहे. घाटकोपर मुलुंडपासून किती लांब ते आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे. नाना मात्र दर वर्षावासात पाच-सहा संध्याकाळी बसने जात. मला एकदाही 'चल' म्हणून लिहिलं नाही.

मी तीस वर्षांवर हे सगळं शिकवलं. जुन्या जगाने माणसाबद्दल पहिल्यांदा जे लिहून ठेवलं ते वर्षानुवर्षं त्याच फळ्यावर लिहिलं आणि पुसलं. आणि एक कबूल करते. शोकाचा भाग अभ्यासक्रमात दर वर्षी होता, पण तो मी वर्गात घेतला नाही. "हे तुमचं तुम्ही घरी वाचा," म्हणायचे. मुलं खूश. एका वर्षी एका मुलाने विचारलं, "मॅडम, हेच तर इम्पॉर्टंट आहे ना?" मी म्हटलं, "परीक्षेला येत नाही रे." त्या वर्षी नेमकं आलं.

नाना गेले तेव्हा मी दोनच दिवसांची रजा टाकली. तिसऱ्या दिवशी वर्गावर होते. लोक म्हणाले, किती खंबीर. स्टाफरूममध्ये माझ्याशी सगळे परीक्षेचं, पावसाचं, नव्या पुलाचं बोलले. नानांचं कुणी बोललं नाही, मीही बोलले नाही. घरी आले, पाटी माळ्यावर टाकली. नऊ वर्षं झाली. रडायचं राहून गेलं म्हणतात तसं झालंय का, ते माझं मला अजून कळलेलं नाही. संध्याकाळी साडेसात वाजले की मात्र घर एकदम मोठं होतं. मी टीव्ही लावते, भांडी आदळते, पुस्तक उघडते, एक वाक्य मोठ्याने वाचते. आणि थांबते. थांबण्याची सवय कुणाची आहे ते मला दुधाच्या पिशवीने त्या सकाळी दाखवून दिलं.

त्याच दुपारी फोन आला. अनोळखी नंबर. मी "कर्ज नको" म्हणून ठेवणारच होते.

"सुनंदा मॅडम ना? मी प्रज्ञा, घाटकोपरहून, विहाराची सेक्रेटरी. शेवंताआजीची नात, म्हणजे तिच्या मुलीची मुलगी. ओळखता ना आजीला?"

मी खुर्चीत बसले. मावशी जिवंत आहेत हे मला माहीतच नव्हतं. विचारायचं धाडस मी कधी केलं नव्हतं.

"मॅडम, खरं सांगू का, या वर्षी वाचायला कुणीच नाहीये. सगळ्यांच्या शिफ्ट्या, कुणाला टायम नाही. गेल्या वर्षी आम्ही रेकॉर्डिंग लावलं स्पीकरवर. पण आजीचं जमेना ना यार... सॉरी. म्हणजे आजी हं म्हणेपर्यंत स्पीकर दोन वाक्यं पुढे! तो थांबतच नाही. मग ती चिडली, मशीनच बंद केली तिने. आता कमिटीवाले म्हणतात वाचनच बंद करू, कोण येतंय? आजी म्हणाली, चावीवाल्याच्या नंदीला बोलव. तिचं थोडं वाचायचं ऱ्हायलंय म्हणावं."

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक "बघते" म्हणाले. पण फोन ठेवल्यावर माळ्यावरून पाटी काढली. फ्रेमचा एक कोपरा निखळला होता.

पौर्णिमेपासून मी जाते आहे. रिक्षाने हायवेवरून, कधी बसने. जुन्या इमारती पाडल्या, त्या जागी वीस मजली उभ्या आहेत, विहार आता तळमजल्यावरच्या एका हॉलमध्ये आहे. पत्रा गेला. पाऊस पडतो की नाही तेही आत कळत नाही, त्यामुळे आता सर ओसरायची वाट बघत थांबावं लागत नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्या वीस, माणसं सात-आठ. डावीकडे पहिल्या खुर्चीत मावशी. त्र्याऐंशीच्या झाल्यात, उजव्या कानाने ऐकू येतं फक्त, म्हणून खुर्ची तिरकी लावून बसतात. पहिल्या दिवशी मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "केस लई पांढरे झाले गं तुझे," आणि मूर्तीकडे बघत हात जोडून बसल्या. जुन्या गोष्टीचं एक अक्षर नाही. मी वाचायला लागले. एक वाक्य. थांबले. "हं" आला. अडतीस वर्षांनी आला. आवाज बारीक झालाय, पण तोच.

त्यानंतर सगळे दिवस मी फक्त एकाच गोष्टीचा हिशोब मनात करत होते, ती पानं कधी येणार याचा. परवा भाद्रपदात ती आली. पिंपळाचं पान बरोबर तिथे होतं. मी ग्रंथ उघडला आणि वाचायच्या आधी बोलले. सात माणसांसमोर. म्हटलं, खूप वर्षांपूर्वी मी याच वसाहतीत ही अकरा पानं सोडली होती. शेवंतामावशींना झेपणार नाही असं मीच ठरवलं होतं. नानांनी सांग म्हणून सांगितलं, तरी मी सांगितलं नाही. आज वाचते. मावशी, तुमची पानं.

मावशींनी मान वर केली. "माझी कुठं?" त्या म्हणाल्या. "मला पुढच्याच साली ऐकाया भेटली की. दरसाली भेटली. लई येळा 'हं' म्हणून झालं माझं. मिलिंद माझा जिथल्या तिथं हाय." मग उजवा कान माझ्याकडून काढून त्यांनी तोंड सरळ माझ्याकडे केलं. "नाना गेला तवा तू आली न्हाईस इथं. मी वाट बघितली. तुझंच ऱ्हायलंय गं ते, नंदे."

मी पहिलं वाक्य वाचायला घेतलं. ज्याच्यावर जीव लावला, इथपर्यंत आले. पुढचे शब्द समोर दिसत होते, चांगल्या मोठ्या टायपात, आणि मला ते म्हणता येईनात. पाटी दिसायला लागली, पाटीवरचं 'वाच. शिकवू नको.' दिसायला लागलं. खांद्यावर चावी टाकून उन्हातून चाललेले नाना दिसायला लागले. मी, मानवी दुःखावर तीस वर्षं व्याख्यानं दिलेली बाई, सात माणसांसमोर तोंड उघडं ठेवून बसले होते.

प्रज्ञा उठली. तिने माझ्या मांडीवरून ग्रंथ हळूच काढून घेतला आणि मला हाताला धरून मावशींच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. मग माझ्या जागी बसून तिने तेच वाक्य सुरुवातीपासून वाचलं, साध्या आवाजात, शेवटपर्यंत. आणि थांबली.

हुंकाराची वेळ झाली. मी मावशींकडे बघितलं. त्या गप्प. ओठ मिटून माझ्याकडे बघत होत्या. बाकीचेही गप्प. प्रज्ञा बोट पानावर ठेवून तशीच थांबली होती, तिला कसलीही घाई नव्हती. मावशींनी माझा हात त्यांच्या खरखरीत तळव्यात घेतला.

बाहेर पाऊस असणार. दाराशी कुणीतरी छत्री झटकली.

"हं," मी म्हणाले.